बक्षीस कशाला द्यायचं?



शाळेतल्या धावपटूंसाठी आपल्या बॅचतर्फे दरवर्षी बक्षीस द्यायचं ठरतंय. बहुतेकांचं म्हणणं, "राज्याचं पदक आणेल त्याला द्या." माझं मत थोडं वेगळं आहे.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०१८ साली ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावून त्याने गोपाल सैनींचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी ८:२१.३७. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि तरी अंतिम फेरी हुकली! नुसतं पदक बघितलं तर ती धाव वाया गेली म्हणायची. २०२२ला बर्मिंगहॅमला ८:११.२० आणि राष्ट्रकुलचं रौप्य. २०२३मध्ये वेळ सुधारलीच नाही, पण आशियाई सुवर्ण त्याच वर्षी मिळालं. २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, म्हणजे दोन वर्षांत जेमतेम सव्वा सेकंद. सहा वर्षांची सगळी कमाई वीस सेकंदांच्या आत, चार टक्केसुद्धा नाही.

आणि आपण आठवीतल्या पोराला सांगतो, "यंदा राज्याला जायचंच." अहो, पदक शेजारच्या लेनमधला किती पळतो त्यावरही ठरतं. त्याच्या हातात असते ती त्याची स्वतःची वेळ.

नवख्या मुलाची वेळ भराभर उतरते, नुसता स्टार्ट नीट बसला तरी. दोन-तीन वर्षं धावणाऱ्याची तशी उतरत नाही. तेरा-चौदाच्या मुलींची वेळ तर शरीर बदलताना हंगामभर अडकून राहू शकते. त्या वर्षी आहे ती वेळ टिकवली, तरी मी बक्षीस देईन.

मोजायचं मात्र नीट. १०० मीटरला १५ सेकंद घेणाऱ्याला दोन टक्के सुधारणा म्हणजे ०.३ सेकंद. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्यातच त्यातलं बरंच निघून जातं. म्हणून दोन घड्याळं हवीत, वेगवेगळ्या दिवशी तीन धावा हव्यात. शिवाय रत्नागिरीचा पाऊस! जूनच्या चिखलातली वेळ डिसेंबरच्या कोरड्या मातीवरच्या वेळेशी लावली, तर बक्षीस मैदानाला द्यावं लागेल. पहिली नोंद पाऊस सरल्यावरच घ्यावी.

घड्याळं आणि रजिस्टर मी देते. शनिवारी मैदानावर येऊन नोंदी कोण ठेवणार, ते जेवणाआधी मला सांगा. रत्नागिरीत राहणाऱ्यांनी आधी हात वर करायचे!