आराखड्यांची देवघेव

इमारत एक असली तरी ती उभारणारे हात अनेक असतात. वास्तुविशारद खोल्या मांडतो, अभियंता खांब आणि तुळया ठरवतो, कंत्राटदार त्यावरून विटा-सिमेंटचा हिशेब करतो. पूर्वी ही सारी मंडळी नकाशाच्या निळ्या प्रतीभोवती बसत. आज प्रत्येकाच्या संगणकावर निराळा प्रोग्राम असतो, आणि एकाचा आराखडा दुसऱ्याकडे जसाच्या तसा उमटेल याची शाश्वती नसते.

१९८२ साली ऑटोकॅड हा प्रोग्राम आला. त्याने आपल्या फायलींची मूळ रचना, डीडब्ल्यूजी, स्वतःजवळ राखली. परंतु देवघेवीसाठी डीएक्सएफ ही दुसरी रचना प्रसिद्ध केली. रेघा, वर्तुळे, अक्षरे ती पोहोचवते. तिच्यातील २३० हा आकडा मात्र मिलिमीटर की इंच, हे स्वतः सांगत नाही. वाचणाऱ्याने इंच मानले, की नऊ इंची भिंत एकोणीस फूट जाड होते! अशी ढोबळ चूक तत्काळ दिसते. भय असते ते न दिसणाऱ्या चुकीचे. खांबांचा जोडनकाशा पाठवायचा राहिला, तर खांब निमूटपणे नाहीसे होतात. जुन्या मराठी टंकात लिहिलेले ‘स्वयंपाकघर’, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसते.

पुढे प्रोग्राम भिंतीला भिंत म्हणून ओळखू लागले. तिची जाडी, तिचे साहित्य, तिच्यातील दार हे सारे त्यांना कळू लागले. हा अर्थही पोहोचावा म्हणून आयएफसी ही सामाईक रचना सिद्ध झाली आणि २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला. तिच्यातूनही सर्व काही अचूक जाते असे नाही. पण भिंत भिंतच राहते.

या विसंवादाचा भुर्दंड कोणावर पडतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २००२ या एका वर्षातील तेथील मोठ्या इमारतींपुरता हा तोटा १,५८० कोटी डॉलर धरला आहे. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भार इमारतींचे मालक व त्या चालवणारे यांच्यावर पडला.

म्हणून शाळा, वाचनालय वा गृहसंस्था बांधणाऱ्यांनी, किल्ल्या ताब्यात घेताना आराखडेही मागावेत: मूळ फायली, आयएफसी प्रत, आणि मापांचे परिमाण लिहिलेली छापील प्रत. इमारत दोन पिढ्या उभी राहते. प्रोग्राम तितका टिकत नाही. उद्या भिंत फोडण्यापूर्वी तिच्या आत काय आहे, हे कोणाला तरी वाचता आले पाहिजे.