थर्माकोलनं आवाज थांबत नाही

दहावीची परीक्षा आणि लग्नाचा डीजे अड्याळात एकाच वेळी येतात. गटात बाया विचारतात, भिंतीला थर्माकोल लावू का? आम्ही सांगतो, नको. आवाज अडवते ती वजनदार भिंत. जुनी मातीची जाड भिंत म्हणूनच बरी. अंड्यांचे ट्रे खोलीतला घुमारा तेवढा कमी करतात. थर्माकोल तर चुलीजवळ झटकन पेटतो.

आधी फटी बुजवा. चौकटीच्या, भिंत आणि टिनाच्या मधातल्या. वारा येतो तिथूनच आवाज येतो. दाराखाली जुन्या लुगड्याची गच्च वळकटी ठेवा, खर्च काहीच नाही. कुडाच्या भिंतीला दोन्हीकडून मातीचा जाड गिलावा द्या.

डीजेची धमधम मात्र भिंतीनंही पुरती जात नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लग्नाचा डीजे उघड्यावर वाजवता येत नाही. वाजलाच तर 112 लावा, दोघीतिघी मिळून.