कृश देहातील मेद

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. माझाही मानस तोच होता. परंतु गेल्या वर्षी माझे थोरले बंधू हृदयविकाराने गेले. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी खिडकीकडे पाठ करून बसणारे ते सडपातळ गृहस्थ आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. म्हणून विषय बदलण्याची अनुज्ञा मी मागून घेतली. मी वैद्य नव्हे. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

बंधूंना बारा वर्षे मधुमेह होता. वजन ५८ किलो, हातपाय काडीसारखे. घरात काळजी असे ती त्यांच्या अशक्तपणाची. ‘ह्यांच्या अंगात चरबी आहे कुठं? हृदयाला काय व्हायचंय?’ असे वहिनी म्हणत आणि मीही मान डोलावीत असे. सदऱ्याआड पोट तेवढे गोल झाले होते. तो वयाचा परिणाम असे आम्ही धरून चाललो. त्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली नाही. दरदरून घाम फुटला, दम लागला, मळमळले. पित्त समजून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका कळेविनाही येऊ शकतो, हे मला नंतर समजले.

चूक माझ्या अज्ञानाची होती, तशी थोडी माझ्या भाषेचीही असावी. मराठीत चरबी चढते ती माजलेल्याच्या अंगावर. पोट सुटते ते खात्यापित्या घरच्याचे. काटकुळा, साधा, मिताहारी माणूस या आरोपातून आपोआप मुक्त होतो. चरकसंहितेत मात्र प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश अशा दोन प्रकारचे सांगितले आहेत.

कृशाच्या देहातही मेद दडलेला असतो, याचे बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३. म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघे सारखे आणि दोघेही सडपातळ. यंत्राने शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या अंगात तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

ही तफावत येते कोठून? केवळ खाण्याच्या लोभातून नव्हे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आत होते. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. पोटात असताना जे उपाशी राहिले, त्याने मेद तेवढा राखून ठेवला, असे म्हणावे लागते. हे वाचले तेव्हा मला निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत दिवसभर धुळीत बसून काम करणाऱ्या, अर्धपोटी राहिलेल्या आमच्या लहानपणीच्या स्त्रिया आठवल्या. त्यांची मुले आज पन्नाशी-साठीत आहेत.

वखारीचाच दृष्टान्त पुढे नेतो. त्वचेखाली मेद साठविण्याची जागा पुरेशी असेल तर तो तेथे तुलनेने निरुपद्रवी पडून राहतो. ती कोठारे तोकडी पडली की उरलेला माल ओसरीवर, माजघरात, देव्हाऱ्यापर्यंत रचला जावा, तसा मेद आतड्यांभोवती आणि यकृतात साठतो. हा आतला मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृतात जातात, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि इन्शुलिन असूनही त्याचा प्रभाव चालत नाही. मधुमेहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर आधीच दुखावलेले असते. तेथे कोलेस्टेरॉलचे थर बसणे मग सोपे जाते.

५२ देशांतील सुमारे २७,००० लोकांच्या पाहणीत, २००५ साली, हृदयविकाराचा धोका वजनाच्या निर्देशांकापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या प्रमाणावरून अधिक चांगला ओळखता आला. त्याच पाहणीच्या २००७ मधील निष्कर्षाप्रमाणे दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांहून सुमारे सहा वर्षे लवकर, त्रेपन्नाच्या आसपास येतो. आपल्या शेजारच्या गोव्यात, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासानुसार, २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. चोर्ला घाट उतरले की गोवा. तेव्हा हा आकडा परका समजण्याचे कारण नाही.

तंबाखूविषयी बोलताना या भागात जीभ जरा अडखळते. १९८१ साली तिच्या भावासाठी येथील शेतकरी महामार्गावर बसले होते. ती अनेक घरांची भाकरी आहे. तरीही सांगितले पाहिजे की मधुमेह्याला विडी-सिगारेट दुहेरी घातक. शिवाय धूम्रपान करणारा अंगाने बारीक दिसतो, पण त्याच्या वजनाच्या मानाने पोटावरचा मेद अधिक असतो. बंधू दिवसाला एक बंडल ओढीत.

उपाय काय, असे आपण विचाराल. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक वजनदार मधुमेह्यांचे वजन आहार-व्यायामाने उतरविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांची साखर सुधारली, पण २०१३ साली निष्कर्ष आला तेव्हा हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण घटलेले दिसले नाही. उलट डेन्मार्कमधील १६० रुग्णांच्या प्रयोगात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्हींवर एकदम उपचार केले गेले, तेथे हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००३ साली दिसून आले. म्हणून नुसते वजन कमी करून निश्चिंत होता येत नाही, आणि वजन मुळातच कमी असेल तर मुळीच नाही. आमच्या घरी दर महिन्याला साखर तपासली जाई; रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे तपासले गेले नाही. कृश माणसाचे कोलेस्टेरॉल कशाला पाहायचे, असे आम्हीच म्हणत होतो.

भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, अशी मर्यादा तज्ज्ञांनी घालून दिली आहे. ती विजारीच्या नंबरावरून मोजू नये; आपण विजार पोटाखाली बांधतो आणि त्या नंबरावर समाधान मानतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून मोजावी. बंधूंच्या तेराव्यानंतर मी शिंप्याच्या फितीने माझी मोजली. वजन ६२ किलो, कंबर ९४. साखर तपासली, तीही वाढलेली निघाली. आता औषध सुरू आहे.

ग्रंथपालांना विनंती करून एक फीत त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवविली आहे. पुस्तक बदलावयास याल तेव्हा मागून घ्यावी. नोंदवहीत सही करण्याची आवश्यकता नाही.