किशोरवयीन मुलींचे मन आणि विचारांची सवय



नववीतील एखाद्या मुलीला गणिताच्या घटक चाचणीत 20 पैकी 6 गुण मिळतात. ती घरी येऊन धड जेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याचे टाळते. वडीलधारी माणसे याला आळस किंवा हट्ट समजतात. तिच्या मनात मात्र वेगळेच चाललेले असते : "मला गणित कधीच येणार नाही. बाई मला मठ्ठ समजतात. दहावीत मी नापास होणार आणि सगळे संपणार." एका चाचणीवरून कायमचा निष्कर्ष काढणे, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळले असे मानणे आणि अनर्थ अटळ धरून चालणे, असे तीन दोष या विचारांत आहेत.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून आणि त्यानंतर 1960 च्या दशकात आरन बेक यांनी असे प्रतिपादन केले की, प्रसंग आणि त्यातून होणारे दुःख यांच्यामध्ये माणसाचा स्वतःचा विचार असतो. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली.

"असा विचार करू नकोस" असे बजावल्याने विचार जात नाही. शिक्षिकेने प्रथम मुलीचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. मग विचारावे : नेमकी कोणती उदाहरणे चुकली? मागच्या चाचणीत काय झाले होते? मैत्रिणीला एवढेच गुण मिळाले असते, तर तिला तू काय सांगितले असतेस? उत्तरे मुलीने स्वतः शोधावीत. "मला गणित येत नाही" या वाक्याच्या जागी "माझी समीकरणे कच्ची आहेत" हे वाक्य आले, की अभ्यासाला वाट सापडते.

तथापि, मुलीचे प्रत्येक दुःख चुकीच्या विचारातून उपजत नाही. शाळा सोडवून लग्न लावून देतील, ही भीती घरात तशी बोलणी चालू असताना खरीच असते. तेथे विचार बदलण्याचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. 2006 च्या कायद्यान्वये 18 वर्षांखालील मुलीचा विवाह हा बालविवाह ठरतो. अशा वेळी गावच्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास किंवा 1098 या क्रमांकावर तत्काळ कळविणे, हे पंचायतीचे कर्तव्य होय. शाळेत स्वच्छतागृह नसल्याने मुली गैरहजर राहत असतील, तर उपाय बांधकामाचा आहे, समुपदेशनाचा नव्हे.

7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटाच्या मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली किंवा अभ्यासातून आणि मैत्रिणींतून मन उडाले, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. मरणाचे बोल ऐकू आले, तर एक दिवसही थांबू नये आणि तिला एकटी सोडू नये. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस सेवेचा 14416 हा निःशुल्क दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा.

मुलीचा विचार चुकीचा की परिस्थिती चुकीची, हे ठरविण्यापूर्वी तिचे ऐकून घ्यावे लागते. शाळेत आणि गावात असे ऐकणारे एक तरी माणूस तिला मिळाले पाहिजे.