दगडावरची अक्षरे वाचणारा माणूस



मोबाईल नंबरात ७८६ यावा म्हणून आपल्यातले बरेच जण धडपडतात. हा आकडा अबजद मोजणीतला. प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ धरतात. जुन्या मशिदी-दर्ग्यांवरच्या फारसी ओळींतही अनेकदा याच हिशेबाने बांधकामाचे हिजरी साल दडलेले असते.

असे लेख वाचण्यात डॉ. झियाउद्दीन देसाईंनी आयुष्य घालवले. जन्म १९२५, गुजरातेतल्या धंधुक्याचा. फारसी शिकून १९५३ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात आले. अरबी-फारसी शिलालेखांचे कार्यालय आपल्या नागपुरात. त्याची धुरा त्यांनी सांभाळली आणि पुढे पुरालेख विभागाचे संचालक झाले. काम कष्टाचे: दगड धुवायचा, ओला कागद ब्रशने ठोकून बसवायचा, शाईने ठसा घ्यायचा, मग वाचायचे. त्यातून कळते की मशीद कोणी बांधली, विहिरीला पैसा कोणी दिला.

आज इतिहासावरून वाद झाला की आपण फॉरवर्ड पाठवतो. देसाईंकडे ठसा असे. आणि घरचा पुरावा आपणच दुरुस्तीच्या नावाखाली ऑइलपेंट आणि टाइल्सखाली गाडतो.

मी कोड लिहितो, मला फारसी येत नाही. पण फोटो काढता येतो. अंधेरी-घाटकोपरहून गावी जाल तेव्हा मशिदीतला लेख शोधा, फोटो घ्या, त्यावर रंग मारू नका असे जमातीला सांगा. आणि तुमच्यातल्या एकाने तरी फारसी शिकावी. इंजिनिअर आपल्याकडे पुष्कळ आहेत.