विद्यार्थ्यांनी संगणकाची भाषा कशी निवडावी?



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात गेली ती मराठी शाळेत. आम्ही संगणकाविषयी बोलावे हे धाडसच होय. परंतु गतवर्षी आमच्या नातवाच्या प्रकल्पाची जी फजिती झाली, ती आम्ही घरात बसून पाहिली आहे.

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळावर घेण्याचा प्रकल्प त्याने व त्याच्या तीन सोबत्यांनी अंगावर घेतला होता. नोकरीच्या जाहिरातींत नाव दिसते म्हणून पुढची पाने रिअ‍ॅक्टमध्ये व मागचा कारभार नोडमध्ये करण्याचे ठरले. दोहोंस लागणारी जावास्क्रिप्ट चौघांत एकालाच येत होती, आणि नेमकी त्यालाच कावीळ झाली! अखेरीस प्रवेशाचे पान तेवढे उघडले. संकेतशब्दही पाहावेत तो जसेच्या तसे साठविलेले. ज्या ठिकाणी विधवा मातांच्या उत्पन्नाचे दाखले यावयाचे, तेथे हे असे कुलूप! अर्ज पुन्हा कागदावर मागवावे लागले आणि दिवाळीपूर्वीची शिष्यवृत्ती पौषात मिळाली. एका मुलीची फी भरण्याची मुदत तोवर टळून गेली होती.

दोष रिअ‍ॅक्टचा नव्हे. कामाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

यंदा आम्ही त्यांस प्रथम काम लिहावयास लावले: अर्ज घेणे, तपासणे, चिटणीसांस यादी देणे. पायथन चौघांनाही येत होती. पीएचपी व तिचे लारावेल स्वस्तात चालते असे म्हणतात, पण ती कोणासच येत नव्हती. तो विषय तेथेच संपला. राहिली पायथनची दोन फ्रेमवर्क, म्हणजे आयते उभे केलेले सांगाडे. फ्लास्क लहान, लागेल तो भाग आपण आणून जोडावयाचा. शिकण्यास ते उत्तम. जँगो हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडले व २००५ साली सर्वांस खुले झाले. वृत्तपत्राला मुदतीची घाई ठाऊकच! म्हणून त्यात प्रवेशाची व्यवस्था आणि नोंदी तपासण्याची पाने आयती मिळतात. संकेतशब्दही मूळ रूपात न ठेवता उलटा उलगडता न येणाऱ्या रूपात साठविला जातो. हाताशी आठच आठवडे होते. मुलांनी जँगो घेतले.

काम पुरे झाले. तथापि, मुले उत्तीर्ण होऊन गेल्यावर हे सांभाळणार कोण, असे चिटणीसांनी विचारले, ते रास्तच होते. मुलांनी सर्व कृती मराठीत वहीत उतरविली आहे व खालच्या वर्गातील दोघांस शेजारी बसवून शिकविणे चालू आहे. तोवर कागदी अर्जही घेतले जातील. ते चिटणीसांकडे मिळतील.