काम कुणी निवडलं?

सख्यांनो, चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, शेतातून घराकडं येत असाल, तर हातातलं काम थांबवू नका. आज आपण कामाबद्दलच बोलणार आहोत. आपण करतो ते काम कुणी निवडलं, आणि त्या निवडीचा आपल्या सुखाशी काय संबंध, असा आजचा विषय आहे.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाला बँकेचं कर्ज मंजूर झालं. शेजारच्या गावात पापडाचं मशीन आलेलं आम्ही पाहिलं होतं. आम्ही समन्वयक. बैठकीत आम्हीच म्हणालो, आपणही पापडच करू. अकरा जणींनी माना डोलावल्या, सह्या झाल्या, मशीन आलं. पापड चांगले व्हायचे. पण उन्हाळा आला की आपल्या गावात घरोघरी बाजांवर पापड वाळत असतात, मग विकत घेणार कोण? सहा महिन्यांत मशीनवर धूळ बसली. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा.

भांडणं सुरू झाली, तेव्हा एक सखी हळूच म्हणाली, "ताई, मला पापड कधीच करायचे नव्हते. मला शेळ्या कळतात. पण सगळ्या हो म्हणाल्या, मग मी एकटी नाही कशी म्हणू?"

ते वाक्य आम्हाला फार लागलं. वही नीट लिहिली होती, बचत वेळेवर होती. पण तुला काय जमतं, तुला काय करावंसं वाटतं, हा एक प्रश्न आम्ही अकरांपैकी एकीलाही विचारला नव्हता. घरात आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून आपण गटात येतो, आणि गटातही आम्ही तेच केलं.

मशीन तोट्यात विकलं. उरलेलं कर्ज फेडायला दोन वर्षं गेली. त्यानंतर आम्ही प्रत्येकीच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विचारलं. त्या सखीनं दोन शेळ्या घेतल्या, आपल्या उस्मानाबादी जातीच्या. काळी, काटक, मिळेल तो पाला खाणारी आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी शेळी. आता बाजारात भाव ती स्वतः ठरवते. ती म्हणते, "पैसा किती आला ते नंतर, पण आता मला रात्री झोप लागते." एकीनं किराणा दुकान टाकलं, ते चाललं नाही. उधारी बुडाली. तरी ती म्हणते की माझी चूक माझी आहे, पापडासारखी दुसऱ्याची नाही. ती आता शिवणकाम शिकतेय.

सख्यांनो, करिअर हा शब्द आपल्याला शहरातला वाटतो. आपल्या आयांना निवड कुठं होती? १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, कारण घरात दाणा नव्हता. आजही कळंब, वाशी, भूम भागातून कितीतरी जोडपी उसाच्या तोडीला जातात, ती आवड म्हणून जात नाहीत. त्यांना 'मनासारखं काम निवडा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून आम्ही एवढंच म्हणतो, जिथं वीतभर जागा मिळेल तिथं ती वीतभर निवड आपली असू द्या.

वीतभर जागेचं काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त झाली. घरं पुन्हा बांधताना गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून काम मिळालं. उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाया घरबांधणीची माहिती गावाला सांगू लागल्या. त्याच कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आपल्याकडं रुजली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली.

पुढं दुष्काळाची वर्षं आली आणि 'एक एकर शेती' सुरू झाली. बाईनं घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं. त्यात सोयाबीन-उसाऐवजी भाजीपाला, डाळी, ज्वारी अशी घरात खायची पिकं मिसळून घ्यायची. खत-औषध शेण, गोमूत्र, पाल्यापासून घरीच बनवायचं. काय पेरायचं ते बाईनं ठरवायचं. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहतं, आणि आधी घरातलं ताट भरतं, मग उरलेलं बाजारात जातं. या संस्थेच्या सख्यांच्या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहान वयात लग्न, ऐन तारुण्यात नवरा अपघातात गेला, पदरात दोन मुलं. घराबाहेर पडणंही नको वाटत होतं. बचत गटापासून त्यांनी सुरुवात केली आणि आज त्या इतर बायांना शेती शिकवतात. दुःख गेलं असं कोण म्हणेल? पण सकाळी उठायला कारण मिळालं.

मग कामातलं सुख नेमकं कशात आहे? आमच्या गटात बोलताना चार गोष्टी निघाल्या. पहिली, निर्णय माझा. दुसरी, पैसा माझ्या खात्यात. तिसरी, अंगाला झेपेल एवढंच काम, कारण घरकाम तेवढंच राहून वर धंदा आला तर तो सुखाचा नाही, कंबरदुखीचा आहे. चौथी, माझ्या कामाचा कुणाला तरी उपयोग. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्यांशी बोलून पाहिलं. काही जण म्हणाले, आम्ही फरशी पुसतो. काही म्हणाले, आम्ही रोग्याला बरं व्हायला मदत करतो. काम तेच होतं, पण दुसऱ्यांना ते जास्त समाधान देत होतं. आपल्या आशाताईंना विचारा, त्या हेच सांगतील. पण सख्यांनो, समाधान आहे म्हणून मोबदला कमी, हे कुणाचंही ऐकू नका. दोन्ही हवं.

शेवटी लेकींबद्दल. बारावी झाली की आपण म्हणतो, नर्सिंगला जा, नाहीतर भरतीची तयारी कर, नाहीतर स्थळ बघू. तीनही वाटा वाईट नाहीत. पण तिला विचारलं का? आम्ही बी.ए.ला गेलो, कारण जवळच्या कॉलेजात तेवढंच होतं. गटाच्या कामात आलो ते नंतर, स्वतःच्या मनानं. दोन्हींतला फरक आम्हाला रोज कळतो.

तर या आठवड्याच्या बैठकीत बचतीची वही मिटल्यावर दहा मिनिटं काढा. गोल बसा, आणि प्रत्येकीला विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" जी सगळ्यात गप्प बसते, तिला आधी विचारा. आणि तिनं "तुम्ही ठरवाल ते" असं म्हटलं, तर तिथं थांबू नका. आम्ही थांबलो होतो. त्याची किंमत दोन वर्षं मोजली.